गाभाऱ्यापुढे मोकळा झालेला गळा

मीटिंगमध्ये साहेबांनी माझं नाव घेतलं की मी वहीत मान घालायचे. इंदापूर तालुक्यातल्या एका दूध शीतकरण केंद्रात मी इंजिनिअर आहे. यंत्रांची मला कधी भीती वाटली नाही. माणसांपुढे मात्र शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरायचे. त्या दिवसांत कॉम्प्रेसरच्या खोलीत अमोनियाचा वास येऊ लागला होता. गळणारा व्हॉल्व्ह बदलायला हवा होता आणि त्यासाठी केंद्र बंद ठेवावं लागणार होतं. मी साहेबांना मेसेज पाठवला, तर "बघू" एवढंच उत्तर आलं. मीटिंगमध्ये सांगायला उभी राहिले आणि "नंतर सांगते" म्हणून खाली बसले. आमचे ऑपरेटर तात्या तोंडाला रुमाल बांधून काम करायचे. ते म्हणाले, "ताई, तुमी बोला की. आमाला त्याच खोलीत बसायचं हाय."

रविवारी मी राहते त्या कन्हेरीहून बारामतीला आणि तिथून एसटीनं मोरगावला, मोरेश्वराच्या दर्शनाला गेले. देवाकडे काय मागायचं तेही ठरलं नव्हतं. बोलता येऊ दे, हे मागायचीसुद्धा लाज वाटत होती. गाभाऱ्यापाशी पोचले तेव्हा रांगेत माझ्यापुढे असलेल्या आजींनी माझा हात धरला. "बाई, मला दिसत न्हाय आता. देव कसा दिसतोय तेवढं सांग." मी हळूच सांगू लागले. "मोठ्यानं बोल गं, ऐकूबी कमी येतंय." मागची रांग आमच्याकडे बघत होती. पण आजी इतक्या आतुरतेनं कान देऊन उभ्या होत्या, की मला दुसरं कुणी जाणवेनाच. शेंदूर, सोंडेचं वळण, डोक्यावरचा नागाचा फणा, जास्वंदीचा हार, सगळं मी मोठ्यानं सांगत गेले. कुठंही अडखळले नाही. आजींनी हात जोडले. "दिसला गं मला," म्हणाल्या आणि बाहेर थांबलेल्या सुनेचा हात धरून निघून गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारी मीटिंगमध्ये पुन्हा "नंतर सांगते" म्हणावंसं वाटलं. तरी मी उभी राहिले. "साहेब, त्या खोलीत काय चाललंय ते तुम्हाला इथून दिसत नाही, म्हणून मी सांगते." मग गंजलेला व्हॉल्व्ह, झोंबणारे डोळे, तात्यांचा रुमाल, जे पाहिलं होतं ते सांगत गेले. साहेबांनी विचारलं, "आणि आलेल्या दुधाचं काय करायचं?" मी म्हणाले, "टँकर भवानीनगरच्या केंद्राकडे वळवता येतील. मी तिथं विचारलंय." साहेब उठले आणि माझ्याबरोबर आले. खोलीच्या दारातच त्यांना खोकला आला. केंद्र त्याच दिवशी बंद ठेवून व्हॉल्व्ह बदलला.

हा योगायोग होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मी मनातल्या मनात मोरेश्वराला आणि त्या आजींना नमस्कार करते. मीटिंगला जाताना अजूनही भीती वाटते. पूर्वी मी भीती जाण्याची वाट बघत बसायचे. आता ती मोरेश्वराच्या पायाशी ठेवते. नाहीच सुटली, तर तिच्यासकट उभी राहते.