सेन्सरवरचं हळदीकुंकू

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी वडिलांनी माझ्या कॅमेऱ्याची लेन्स काढली आणि आत चिमूटभर हळदीकुंकू वाहिलं. त्यांची सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, मशीनवर गेली. दसऱ्याला ते मशीनचं झाकण उघडून आतल्या भागाला कुंकू लावत. वरवर टिळा लावला तर ती पूजा कसली, असं त्यांचं म्हणणं. कुंकू जरा जास्तच पडलं असं वाटून त्यांनी वर तोंडाने फुंकरही मारली!

माझं डोकंच फिरलं. जवळ हा एकच कॅमेरा, दुसऱ्या दिवशी सकाळी चांदवडला साखरपुड्याचं काम आणि सणामुळे दुरुस्तीचं दुकान बंद. सेन्सर म्हणजे ज्यावर फोटो उमटतो ती काडेपेटीहूनही लहान काच. तिच्यावर आता हळदीचे कण होते आणि थुंकीचे शिंतोडे.

"बाबा, कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

"अगं, रुमालाने पुसून देतो ना. विमानाचे पार्ट पुसलेत मी."

"खबरदार हात लावलात तर! तुमचे हात लागले की वाट लागते."

मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं, कारण घरात सगळ्यात कमी धूळ तिथेच. कॅमेरा पालथा धरून रबरी ब्लोअरने हवा मारली. आधी कण उडवायलाच हवे होते, तसंच पुसलं असतं तर ओरखडे पडले असते. ब्लोअरचं टोक आत आपटेल म्हणून दोनदा थांबले. मग सेन्सरच्या मापाच्या कापडी पट्टीवर क्लीनरचे दोन थेंब टाकले आणि ती एकाच दिशेने, एकदाच फिरवली. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहिला. डाग होतेच. दुसरी पट्टी घेतली, तरी कोपऱ्यात एक उरला. त्या डागापायी मी वडिलांच्या नावाने काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या पट्टीने भिंत एकदाची स्वच्छ दिसली.

चांदवडचे फोटो छान आले. वडिलांना दाखवले, पण त्यांच्या हातांवरून बोलले त्या वाक्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. माझा राग बरोबरच होता, असं मला अजूनही वाटतं.

यंदा दसऱ्याला त्यांनी पक्कड, नट-बोल्टचे पाने, कोयता पाटावर मांडले. सगळ्यांना हळदीकुंकू वाहून झाल्यावर वाटी माझ्यापुढे धरली.

"कॅमेऱ्याला तूच वाहा," ते म्हणाले. "माझे हात नकोत."