सारंगाच्या फियाटचं मेण

चौऱ्याऐंशी साली रत्नागिरीजवळच्या आमच्या मिऱ्यावर चारचाकी म्हणाल तर एकच होती, आणि ती कुठेही जात नसे.

ती हरिश्चंद्र सारंगाची फियाट. सारंग हे त्याचं आडनाव नव्हे. मालवाहू बोटीवर डेकच्या खलाशांचा जो मुकादम असतो, त्याला सारंग म्हणतात. तीस वर्षं समुद्रावर काढून हरिश्चंद्र घरी आला तो एक जुनी निळी फियाट आणि परदेशी मेणाचे चौदा डबे घेऊन. हुकूम सोडायची सवयही आणली होती, पण ती त्याच्या बायकोने, सोनूबाईंनी, आठवड्याभरात मोडली असं शेजारच्या सगुणाचं म्हणणं. सगुणाचं बोलणं अर्धं सोडून द्यावं. हे मात्र खरं असावं.

दर रविवारी सकाळी हरिश्चंद्र लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून विहिरीवर हजर. दहा-बारा बादल्या गाडीवर ओतायच्या, पुसायचं आणि मग मेण. बोटांनी गोल गोल, बाळाला तेल चोळावं तसं. स्वतःच्या पोरांना त्याने कधी तेल चोळलं नव्हतं. ती जन्मली तेव्हा तो कुठल्याशा बंदरात होता. दुपारी गाडीत तोंड दिसायला लागलं की वर चादर.

सोनूबाई पालीच्या. माहेरी जायचं तर एस.टी., तीही रत्नागिरीला बदलून. बोटीवरून नवऱ्याने पत्र धाडलं होतं, ‘घरी आलो की तुला आपल्या गाडीतून पालीला नेईन.’ हे पत्र वाडीतल्या चार घरांना तोंडपाठ होतं, कारण सोनूबाईंना वाचता येत नसे आणि वाचून दाखवायला सगुणा होती.

दीड वर्ष झालं. सोनूबाई विचारत, “अवो, आज पालीला जाऊया?”

“आज कसं गो? आत्ताच मेण लावलंय. धुरळा बसेल.”

“मग उद्या?”

“उद्या मेण मुरायला हवं.”

कुंपणापलीकडून सगुणा म्हणे, “भावजी, गाडी लावलीत की लोणचं घातलंत?”

सोनूबाई भांडल्या नाहीत. पिशवी उचलायची, चकचकीत गाडीला वळसा घालायचा आणि स्टॉपवर जाऊन उभं राहायचं. कुणी विचारलं, गाडी असताना एस.टी.ने? तर म्हणत, “गाडीला बरं नाय. अंग चोळून निजवलीय.”

पुढच्या वर्षी शिमगा झाला आणि हरिश्चंद्राला दाराच्या खालच्या कडेला रंगावर पुळ्या दिसल्या, नाचणीएवढ्या. नख लावलं तर निळा पोपडा सुटला आणि खाली तांबडा गंज. त्या दिवशी तो नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर निघाली ती रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या भिकाजी पेंटरकडे. सोनूबाई न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसल्या. गाडी आजारी म्हटल्यावर धुरळ्याचा विषयही निघाला नाही.

भिकाजीने उकिडवं बसून दार पाहिलं. “मेण कितींदा लावता?”

“दर रविवारी.”

“वर्षातनं दोनदा पुरे, सारंग. पावसाच्या आधी एकदा, नंतर एकदा. मेण वरच्या वर राहतं. पाणी या फटीत उतरतं, तिथं तुमचं मेण काय करणार? धुता कसल्या पाण्यानं?”

“आमच्या विहिरीच्या. गोडं पाणी आहे.”

भिकाजी हसला. “बोटीवर लोखंडाला रंग लावायच्या आधी कसलं पाणी मारायचात?”

“गोडं पाणी. मीठ राहिलं तर रंग धरत नाही. एका खलाशाने खारं मारलं तर त्याला मी दिवसभर...” हरिश्चंद्र बोलता बोलता थांबला.

भिकाजीने माठातलं पाणी पेल्यातून पुढे केलं. हरिश्चंद्राने घोट घेतला. “फिकं आहे.”

“फिकं नाय. यालाच गोडं म्हणतात.”

मिऱ्यावरच्या माणसाची जीभ त्या विहिरीवरच वाढलेली. तिला खारट कळणार कसं? तीस वर्षं बोटीवरचं पाणीही त्याला फिकंच लागायचं. मागच्या सीटवरून सोनूबाई म्हणाल्या, “लग्न होऊन आले त्याच महिन्यात मी बोलले होते, पाणी खारट हाय. सासूबाई म्हणाल्या, पालीवाल्यांचे भारीच नखरे.”

“तू तेव्हा मला सांगायचंस गो.”

“तुमी बोटीवर होतात.”

भिकाजीने गंज घासून रंग मारला आणि बजावलं, आठवड्याला एकदा गोडं पाणी, खालच्या कडा आणि पोट आधी. मिऱ्यावर समुद्राकडच्या विहिरी सगळ्या तसल्याच, नळाला पाणी आलंच तर दोन हंडे. परतीच्या वाटेवर हरिश्चंद्र हा हिशेब मोठ्याने करत होता. सोनूबाई गप्प होत्या. मला वाटतं, तीस वर्षांत त्यांनी केलेली ही सगळ्यात हुशारीची गोष्ट. मिऱ्याचं पहिलं घर दिसलं तेव्हा तोच म्हणाला, “पालीला तुझ्या गंगारामदादाच्या विहिरीला बारमाही पाणी असतं ना?”

“असतं,” सोनूबाई म्हणाल्या. “जांभ्या दगडातलं. एकदम फिकं.”

आता दर रविवारी फियाट पालीला असते. गंगाराम पाणी शेंदतो, हरिश्चंद्र आडवा होऊन गाडीचं पोट धुतो आणि सोनूबाई पडवीत वहिनीशी बोलत बसतात. परत येताना धुरळा बसतोच. चादर तशीच वर पडते.

परवा निघताना सगुणा पिशवी घेऊन आली.

“ही कुठे?” हरिश्चंद्राने विचारलं.

“मागची सीट रिकामीच जाते,” पुढचं दार लावून घेत सोनूबाई म्हणाल्या. “चला.”