शून्याच्या खालची पिकअप

चहा घ्या, बिस्कीट बुडवा, आन मग ऐका. मधीच हसायचं न्हाई, एवढी एकच अट. येडेपणा सगळेच करतात राव, पण गपचूप करतात. मी माझा येडेपणा मशीन लावून मोजून घेतला, त्याचा फ्लेक्स छापला आन वर बायकोला म्हणालो, ये, तूबी बघायला ये! आता एवढ्या तयारीनं कोण तोंडावर पडतं, सांगा बरं?

तर माझी पिकअप तुमाला ठावूकच हाय. पिंपळवंडीत कुणालाबी विचारा, बबनची पिकअप कुठली, लांबूनच आवाजावरून सांगतील. टोमॅटोचे क्रेट भरायचे, नारायणगावला टाकायचे, कधी मंचरला, कधी पेठचा घाट उतरून खाली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून लाथ घातल्याशिवाय उघडत न्हाई. वायपर फक्त उन्हाळ्यात चालतो. पण इंजिन? इंजिनानं मला आजवर रस्त्यात कधी उभं केलं न्हाई. लई जीव हाय माझा तिच्यावर.

आमच्या सुनंदाचा मात्र न्हवता. आमची बायको म्हंजे तशी गरीब, पण पिकअपचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. ही गाडी विका, असा तिचा एकच धोशा. का, तर माझ्या शर्टाला धुराचा वास येतो म्हणून.

आता इथं मला खरं बोलावं लागंल. तो वास पिकअपचा न्हवताच, बिडीचा व्हता.

दोन वर्षांमागं मला खोकल्यानं धरलं. सुनंदानं मला ओझरला नेलं, विघ्नहराच्या म्होरं उभं केलं आन बिडी सोडली असं मोठ्यानं म्हणायला लावलं. खिशातलं बंडल तिनं स्वतःच्या हातानं कुकडी नदीत टाकलं. सहा दिवस मी बिडीला शिवलो न्हाई, खोटं कशाला बोलू. सातव्या दिवशी कळंबच्या टपरीवर शिवलो.

संध्याकाळी घरी आलो तर सुनंदानं शर्ट हातात घेतला, हुंगला, आन विचारलं, वास कशाचा? माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, गाडी जुनी झाली. सगळा धूर आत येतो." झालं! पिकअपला काय तोंड हाय बोलायला? दोन वर्षं बिचारी माझा आळ डोक्यावर घेऊन फिरत व्हती.

त्यात मी आणखी शहाणपणा केला. वास झाकायला डॅशबोर्डवर धूप लावायला लागलो. एक विझली की दुसरी धूपकांडी, दिवसभर. सुनंदाला वाटलं, चला, माणूस देवाधर्माला लागला. आन बिडी पेटवायच्या आधी मी डॅशबोर्डवरचा गणपती काचेकडं फिरवायचो. म्हणलं, देवा, तू रस्त्यावर ध्यान दे, माझ्याकडं काय बघायचंय?

असं सगळं झकास चाललेलं. पण यंदा मला परत खोकला झाला आन सुनंदानं ठरवूनच टाकलं. ही गाडी तुमचं फुफ्फुस खाणार, म्हणाली, दिवाळीच्या आत ती दारातून गेली पायजे. नुसतं म्हणून थांबली न्हाई, तिच्या भावानं गिऱ्हाईकबी बघून ठेवलं. आता माझी झाली पंचाईत. खरं सांगावं तर बिडी जाती, न्हाई सांगावं तर गाडी जाती.

आन नेमकी तेव्हाच ती पुण्याची माणसं आली. दत्तू माझा दोस्त, हा काय इथंच बसलाय, फाट्यावर त्याचं गॅरेज हाय, त्यानंच फोन केला. कुठल्यातरी कॉलेजची मंडळी आली व्हती, रस्त्यावर चालत्या गाड्या किती विषारी धूर सोडतात ते मोजायला. त्यांच्या म्होरक्या म्हंजे एक मॅडम. वयानं माझ्या धाकट्या भनीएवढ्या, पण बोलायला एकदम साफ. पीयूसी करताना गाडी उभी असती, म्हणाल्या, पण घाट चढताना, खड्ड्यात, माल भरलेला असताना ती काय सोडती ते तिथं कळत न्हाई. म्हणून मशीन गाडीतच ठेवायचं आन गाडी चालवायची. त्यांना जुनी पिकअप पायजे व्हती. दत्तूनं माझं नाव सांगितलं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिकल्या-सवरल्या मॅडमनंच सांगितलं की गाडी साफ हाय, तर सुनंदा कशाला विकंल? मी दोन्ही हात वर करून तयार. आता तुमी म्हणाल, आरं येड्या, गाडी साफ निघाली तर मग शर्टाच्या वासाचं काय सांगशील? बघा, तुमाला बसल्या जागी सुचलं. मला दोन आठवडे सुचलं न्हाई.

मशीन म्हंजे चांगलं कपाटाएवढं धूड. ते हौद्यात बसवलं, म्होरं टोमॅटोचे क्रेट लावले. एक जाड नळी सायलेन्सरला जोडली. दुसरी बारकी नळी टपावर, मोकळ्या हवेत. मॅडमनी मला समजावून सांगितलं. जाड नळी गाडीचा धूर घेती. बारकी नळी बाहेरची हवा घेती, कारण हवेत आधीचीच थोडी घाण असती. ती घाण धुरातून वजा करायची, उरलं ते गाडीचं पाप.

"दादा, तुम्ही काही वेगळं करू नका," त्या म्हणाल्या. "फक्त रोजच्यासारखं चालवा. आम्ही जीपमधून मागे आहोतच."

हे वाक्य ध्यानात ठेवा. रोजच्यासारखं.

निघालो. नारायणगावच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललेलं, नुसता फुफाटा. मी आरशात बघतो तर ती बारकी नळी टपावरून खाली लोंबतीय आन धूळ खातीय. माझा जीव तुटला हो. पुण्याहून आलेली नाजूक वस्तू, आपल्या गाडीत पावणी. आपण आत काचा लावून बसायचं आन पावण्याला बाहेर धुळीत ठेवायचं? आमच्यात बसत न्हाई ते. जीप तवर कुठंतरी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकली व्हती. मी गाडी कडेला घेतली, नळी खिडकीतून आत ओढली, आन रबर लावून डॅशबोर्डवर नीट बांधली, गणपतीच्या शेजारी, धुपाच्या बरोबर वर. म्हणलं, बस बाई निवांत.

पेठचा घाट उतरलो, फिरून परत वर चढलो, माघारी आलो. रोजच्यासारखं. गाव दिसायच्या आत, जीप अजून लांब मागं असतानाच, नळी परत टपावर टाकली. मॅडमना वाटायला नगं, यानं आपल्या वस्तूला हात लावला.

चार दिवसांनी मॅडमचा फोन. तुमच्या गाडीचा निकाल जरा अजब आलाय, म्हणाल्या, आकडा काही ठिकाणी चक्क शून्याच्या खाली गेलाय. असं होऊ शकत नाही, परत येऊन बघावं लागेल.

आता मला सांगा, धुराचा आकडा शून्याच्या खाली म्हंजे काय? माझ्या हिशेबानं तर सरळच व्हतं. गाडी घाण हवा आत घेती आन चांगली हवा बाहेर सोडती! ते होऊ शकत नाही वगैरे मी ऐकलंच न्हाई. तिथंच दत्तूला सांगितलं. दत्तूला सांगणं म्हंजे काय, तुमाला ठावूक हाय. चहा प्यायच्या आत गावाच्या ग्रुपवर पडलं. तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. मधी माझा गॉगल घातलेला फोटो, शेजारी पिकअप, वर ही मोठी अक्षरं: हवा शुद्ध करणारी पिकअप, पिंपळवंडीची शान. आन खाली, सर्व्हिस दत्तू गॅरेज.

मी काय थांबवलं का? छे! मी तो फ्लेक्स सरळ दिसतो का बघायला दोनदा तिथून गाडी नेली. लोकं थांबवून विचारायची, कुठलं ऑईल टाकतोस भाऊ? मी म्हणायचो, ऑईलचं न्हाई, जपणुकीचं काम हाय. आमच्या आळीतले लक्ष्मणतात्या, दम्याचे पेशंट, काठी टेकत आले आन म्हणाले, बबन, तुझी गाडी सकाळी तासभर आमच्या अंगणात चालू करून ठेवत जा. मी बघतो म्हणालो तात्यांना! एवढी हवा शिरली व्हती डोक्यात.

फक्त सुनंदा गप व्हती. एक दिवस भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "गाडीतनं धूर निघतच न्हाई म्हणता. मग शर्टाला वास कशाचा येतो?"

मी म्हणालो, म्होरच्या गाड्यांचा. मंचरला काय ट्रॅफिक असती तुला काय ठावूक. ती बरं म्हणाली. सुनंदाचं बरं म्हंजे बरं नसतं, हे मला लग्नाला एवढी वर्षं होऊनबी कळत न्हाई. वरून मीच म्हणालो, मॅडम परत यायच्यात, तूबी चल फाट्यावर, तुझ्या कानानं ऐक.

आली की! चांगली इस्त्रीची साडी नेसून आली. दत्तूच्या गॅरेजम्होरं निम्मं गाव जमलेलं, डोक्यावर माझा गॉगलवाला फ्लेक्स. मॅडमनी बॉनेटवर लॅपटॉप उघडला आन फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, दादा, गडबड धुरात नाहीये, बाहेरच्या हवेत आहे. बारकी नळी सांगतेय की तुमच्या आजूबाजूची हवा सायलेन्सरपेक्षा घाण होती. नळी जागेवरच होती ना?

मी आपला छाती फुगवून सांगून मोकळा. जागेवर कशाला, म्हणलं, मॅडम, तिला मी आत घेतली व्हती, एक कण धूळ बसू दिली न्हाई. रबर कुठं लावला तेबी दाखवलं. मॅडमनी आत वाकून बघितलं. डॅशबोर्डवर धुपाची ही राख! त्यांना खरं म्हंजे राग यायला पायजे व्हता, सगळा दिवस फुकट गेलेला, पण त्यांना हसूच आवरंना. म्हंजे माझ्या गाडीनं हवा साफ केली न्हवती. मी केबिनमधली हवा एवढी घाण केली व्हती की तिच्याम्होरं सायलेन्सर सोवळा ठरला.

सगळी लोकं हसली. मीबी हसलो. म्हणलं चला, फ्लेक्सची इज्जत गेली, पण धुपावर भागलं. देवाचं केलं, चूक झाली, कोण काय बोलंल? तेवढ्यात सुनंदानं चष्मा पुसला, डोळ्यांना लावला आन स्क्रीनवर बोट ठेवलं. "मॅडम, ही सपाट रेघ धुपाची. मग ही मधली टेकाडं कशाची?"

"तेच मलाही कळत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "सात आहेत. एक कळंबच्या पुढे, एक मंचरला, दोन घाटात, बाकीची परतीच्या वाटेवर. प्रत्येक वेळी पाचेक मिनिटं धूर एकदम वाढतो आणि उतरतो. धुपाचं असं होत नाही. गाडीत कुणी बिडी-सिगारेट ओढत होतं का?"

आता बघा, इथं मला न्हाई म्हणता येत व्हतं. दत्तूचं नाव घेता आलं असतं. काच उघडी व्हती म्हणता आलं असतं. पण माणूस घाबरला की भलतंच बोलतो. मी काय बोललो ठावूक हाय?

"मॅडम, तुमीच म्हणाला व्हता, रोजच्यासारखं चालवा म्हणून!"

सगळी फाट्यावरची माणसं माझ्याकडं वळली. एसटी थांबली व्हती, तिच्यातलीबी वाकून बघायला लागली.

"रोजच्यासारखं," सुनंदा म्हणाली. आवाज न्हाई चढवला, काय न्हाई. मग एकेका टेकाडावर बोट ठेवून सात मोजली. "दोन वर्षं मी तुमचे शर्ट दोन दोन पाण्यांत धुतले. आन शिव्या या मुकीला दिल्या."

तिनं बॉनेटवर हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवतात तसा. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं राव. तिचे डोळे भरलेले बघितले आन मला खरंच लाज वाटली. फ्लेक्सवरचा माझा गॉगलसुद्धा बघवंना.

मॅडमनी नळी टपावर बांधून त्या दिवशी परत मोजणी केली. या वेळी सुनंदा केबिनमधी शेजारी बसली. पेठच्या घाटापर्यंत आन माघारी तिची नजर माझ्या हातांवर. बारक्या नळीची रेघ एकदम सरळ आली, म्हणाल्या मॅडम, आन गाडी धूर सोडते, पण वयाच्या मानानं बरी आहे, एवढं इंजेक्टरचं काम करून घ्या.

सुनंदानं तिथंच भावाला फोन लावला, गाडी विकायची न्हाई म्हणून. मला जिंकल्यागत वाटायला लागलं तोवर तिनं गणपती उचलला, माझ्या तोंडाकडं फिरवला आन दत्तूकडून असा पक्का चिकटवून घेतला की आता डॅशबोर्ड निघंल पण देव हलायचा न्हाई. जॅकच्या पिशवीतलं बंडलबी काढलं तिनं. कुठं हाय ते मी सांगितलं न्हवतं.

तेव्हापासून गाडीची पीयूसी सहा महिन्यांनी होती आन माझी रोज. उंबऱ्यात उभं राहायचं, आ करायचं, बोटं हुंगवायची, मग चप्पल काढायची. धुपाचा वास आला तर पहिला खिसा तपासती. गाडी पास झालीय. मला गेल्या मंगळवारी फेरतपासणीला ठेवलं व्हतं.

काय रे दत्तू, हसतोस काय? आन ती काडी विझव आधी, लांब जाऊन ओढ तिकडं. माझी आजची पीयूसी व्हायचीय अजून.