डोळ्यात बघून बोल

लढाईच्या दिवसांत मी कशेळ्याच्या शाळेत दुय्यम शिक्षक होतो. आमचे हेडमास्तर पोरांच्या नजरेवरून त्यांची अक्कल ठरवायचे. नजर खाली गेली की पोर लबाड, वर गेली की मठ्ठ. एका कुळवाड्याची पोर कायम छताच्या वाशांकडे बघत बसायची आणि काही विचारलं तर विचारलेलंच परत म्हणायची. हेडमास्तर रोज तिची हनुवटी धरून ओरडायचे, "डोळ्यात बघून बोल."

तिचा बाप एकदा दारातूनच म्हणाला, "तिला त्ये जमत नाय, गुर्जी."

"जमवतो," हेडमास्तर म्हणाले.

तपासणीला शिक्षणखात्याचे दिपोटीसाहेब आले. गेल्या वर्षी सांगूनही फळा का रंगवला नाही, असं त्यांनी विचारलं. हेडमास्तर पायाच्या अंगठ्याकडे बघत काहीतरी पुटपुटू लागले. तेवढ्यात ती पोर वाशांकडे बघतच, थेट हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाली, "डोळ्यात बघून बोल."

साहेब हसले. ते गेल्यावर हेडमास्तरांनी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं, ते कायमचंच. तिथे तिची हनुवटी धरायला कुणी येईना. दिवाळीपर्यंत ती भिंतीला पाढे म्हणून दाखवू लागली.

सगळ्या नोकरीत हेडमास्तरांनी एका पोरीला नीट शिकवलं, तेही शिक्षा म्हणून.