मी बाहेर गेल्यावर माय बोलली

नांदेडच्या डॉक्टर मॅडमनी बायोप्सीचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

"मुलगा. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे."

"मग नीट ऐका. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला एंडोमेट्रियम म्हणतात. तिथं कॅन्सर आहे. त्यातलाही हा सिरस कार्सिनोमा, कमी आढळणारा प्रकार. तो लवकर पसरतो. आता वेळ घालवायचा नाही."

दोन महिने मी आधीच घालवले होते. ते सांगायला हे लिहितोय. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून मांडणीत काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही वसमतजवळच्या हट्टा गावचे. थोडं शेत, बाकी शेळ्या. माय कंबर दुखते म्हणाली, तेव्हा मी तिला वसमतला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही तकलीफ?" मायनं माझ्याकडे पाहिलं. "न्हाई, कंबरच." गोळ्या मिळाल्या. आपण काळजीनं आणलं, याचं मला समाधान वाटत होतं.

पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या मायच्या अंगावरून पुन्हा जात होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शेळी व्याल्यावर तिच्या अंगावरून जास्त दिवस गेलं, तर आमच्या अंगणात सगळ्यांसमोर बोलणं होतं आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. माय स्वतःचं मात्र फक्त चुलतीजवळ बोलली होती. चुलती हसली होती, "जाऊबाई, पुन्हा तरण्या होऊन राहिल्या की तुमी."

कंबरदुखी थांबेना म्हणून दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा वसमतला गेलो. या वेळी सिस्टर म्हणाल्या, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा." मला रागच आला. कागद सगळे माझ्याजवळ होते. दहा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा नांदेडची चिठ्ठी लिहून झाली होती. पाळी गेल्यानंतर थेंबभर रक्त गेलं तरी तपासायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

नांदेडला सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. मग बायोप्सी, म्हणजे अस्तराचा लहान तुकडा काढून तपासणं. रिपोर्टनंतर ऑपरेशन झालं. गर्भाशय, दोन्ही अंडाशय आणि जवळच्या काही लसिकाग्रंथी काढल्या. रोग पिशवीबाहेर गेलाय का, हे त्या तपासल्यावर कळणार होतं. त्या दिवसांत मला ते दोन महिनेच दिसत होते.

वॉर्डात मी मायला म्हणालो, "मी तिथं उभा नसतो तर तू तवाच बोलली असतीस."

"काहून जिवाला लावून घेऊन राहिला? तुझ्या बापासंग गेले असते तर डॉक्टरपुढं माझी कंबर बी दुखली नसती," ती म्हणाली. "लाल शेळीला पाला टाकला का, ते इचार घरी."

रिपोर्ट आला. मॅडम म्हणाल्या, "बाहेर पसरलेला नाही. पण या प्रकारावर भरवसा ठेवता येत नाही. केमो द्यावी लागेल."

दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा केमो झाल्या. केस गेले, तोंडाची चव गेली. प्रत्येक वेळी चुलती सोबत आली. हसल्याचा विषय तिनं कधी काढला नाही. फक्त मायच्या डोक्याला स्वतःच्या हातानं रुमाल बांधून द्यायची. तिचे, मॅडमचे आणि त्या सिस्टरचे उपकार कसे सांगावेत, मला नीट जमत नाही.

तुम्ही मुलगे असाल आणि मायला दवाखान्यात नेत असाल, तर एवढंच करा. डॉक्टरांपुढे बसवून झालं की, "मी बाहेर थांबू का?" असं तिला विचारा.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. पुढचं कुणालाच माहीत नाही. परवा माझी परीक्षा होती, म्हणून माय आणि चुलती दोघीच गेल्या. संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खाली बघत विचारलं, "बराबर हाय ना समदं?"

"व्हय," माय म्हणाली. "गर्भाची पिशवी काढली तिथं काय बी न्हाई. अंगावरून जाणं बी बंद हाय."

आबा समोर होते, मी समोर होतो, शेजारचे दोघं बसले होते. तिनं आवाज कमी केला नाही.