टायरवरच्या गाडीला अर्थिंग

हरिचंद्रभाऊ शिरगावचे वायरमन. साठी उलटली, गुडघे गेले, तोंडात एकच तुणतुणं: अर्थिंग. तीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतून माणूस इतका थकलाय की हल्ली वाक्यसुद्धा अर्ध्यात सोडतो.

मी वेणू. अंबरनाथला शिवमंदिराजवळ धर्मेशशेठच्या खाण्याच्या ट्रेलरमध्ये साबुदाणा वडे तळते. गाडी पत्र्याची, लाईन शेजारच्या दुकानातून ओढलेली, दोनच वायरींची. पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. शेठला सांगितलं तर म्हणे, "चप्पल घाल ना, काय होत नाय."

श्रावणातल्या सोमवारी सकाळी शेठनं भाऊंना ट्यूबलाईट लावायला बोलावलं. भाऊंनी टेस्टर पत्र्याला टेकवला, तो पेटला. त्यांनी मेन स्विच पाडला आणि तिथंच खाली बसले.

"गाडी रबराच्या टायरवर. गळलेला करंट जाणार कुठं, पत्र्यातच राहणार. अर्थिंगची तिसरी वायर ओढा, जमिनीत सळई ठोका, गळती झाली की आपोआप पडणारा स्विच लावा. मग चालू करतो."

"आज सोमवारी पेव्हर ब्लॉक कोण उखडणार भाऊ? उद्या बघू. आम्ही सगळे चपला घालून असतो, कोणाला काय झालंय आजपर्यंत?"

"तुम्ही घालता. गिऱ्हाईक देवळातून येतं. अनवाणी, ओल्या पायांनी..."

शेठ ऐकेल तर शपथ. त्यानं स्वतःच स्विच वर केला नि भाऊंना घरी जायला सांगितलं. मला त्याचा राग आला, आणि माझा जास्त आला, कारण कढई मीच चढवली. पोट आहे ना मागे.

भाऊ काही गेले नाहीत. काउंटरपुढे स्टूल टाकून बसले. येईल त्याला तेच, "पत्र्याला हात नको, लांबून घ्या." दोन तासांत त्यांचा आवाज बसला. म्हातारा येडा झालाय, असं म्हणत लोक वडे नेत होते.

साडेदहाला शेठची आई दर्शन घेऊन आली. साडीचा काठ ओला, पाय उघडे. पायरी चढायला ती गाडीचा लोखंडी दांडा धरणार, तोच शेठ आतून ओरडला, "आई, हात लावू नको!"

"का रे? काय झालं?" आईनं विचारलं.

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून.

भाऊ उठले, स्विच पाडला, पिशवीतून आखूड पहार काढून शेठच्या हातात दिली आणि पेव्हर ब्लॉककडे बोट दाखवलं.