बापूशेठनी दिलेलं मीठ

"रिपोर्ट तुमचा, विहीर आमची," बापूशेठ म्हणाले आणि कागद न वाचताच त्यांनी माझ्या हातात परत ठेवला.

बापूशेठ मिठाचे व्यापारी, आळीतलं बडं प्रस्थ. त्यांच्या नव्या चाळीच्या संडासांना शोषखड्डा होता, म्हणजे घाण पाणी जमिनीत जिरवणारा, तळ न बांधलेला खड्डा. त्याच्या उताराला नगरपालिकेची विहीर. सगळी आळी तिचंच पाणी प्यायची.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. मी पनवेलला सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. चाळीतली दोन पोरं टायफॉईडने अंथरुणाला खिळली होती आणि लॅबोरेटरीने स्पष्ट लिहिलं होतं की पाण्यात मैल्यातले जंतू आहेत. विहीर बंद करणं भाग होतं.

पण पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. कोण ऐकणार? ब्लीचिंग पावडर टाकली तर वासावरून ओरड झाली. उकळून प्या म्हटलं, तर चाळीतल्या हिराबाई म्हणाल्या, "भाऊ, भाताला लाकडं पुरत नाय, पान्याला कुठून आनू?" आजारी पोरांतला एक त्यांचाच नातू. मला रागही आला आणि कीवही.

आमचे हेल्थ ऑफिसर म्हणाले, "कुलूप लावाल तर लोक तोडतील. आधी पटवा."

मी पुन्हा बापूशेठकडे गेलो. "शेठ, तुमच्या खड्ड्यात मीठ ओततो. विहिरीत उतरलं तर विहीर आणि खड्डा दोन्ही बंद. कबूल?"

"कबूल. आणि मीठ विकत कशाला घेता? माझ्या गोदामातून न्या हवं तेवढं."

त्यांनी ही गोष्ट आळीभर सांगितली. मला तेच हवं होतं.

मीठच का? जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना चव नसते. मीठ मातीत गाळलं जात नाही, पाणी जाईल तिथे जातं. शिवाय मिठागरांच्या मुलखातल्या माणसाला खारटपणा ओळखायला लॅबोरेटरी लागत नाही.

पोत्यांमागून पोती खड्ड्यात रिकामी केली, वरून भरपूर पाणी सोडलं. मग मी रोज विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचो. मीठ जास्त असेल तर पाणी पांढरं होतं. सुरुवातीला नुसती धूसर झाक यायची. बापूशेठ येताजाता विचारायचे, "काय इन्स्पेक्टर, पोचलं का आमचं मीठ?" मी हसून घ्यायचो, पण आतून धास्तावलो होतो. मीठ आलं नसतं तर ती विहीर मला पुन्हा कोणी बंद करू दिली नसती.

एका सकाळी बाटली दुधासारखी पांढरी झाली. मी बापूशेठना बोलावणं धाडलं. ते येईपर्यंत हिराबाई हंडा घेऊन विहिरीवर हजर. "भाऊ, आज च्या खारट झाली."

बायका जमल्या. बापूशेठ म्हणाले, "खाडीचं पाणी शिरलं असेल."

ते असं म्हणणार हे मी धरूनच चाललो होतो. खाडीला लागून असलेल्या दुसऱ्या विहिरीची बाटली खिशातून काढली आणि त्यांच्यासमोर थेंब टाकले. नुसती झाक आली. "खाडी शिरायची तर आधी हिच्यात शिरली असती, शेठ."

हिराबाईंनी बापूशेठकडे पाहिलं. "मंजे तुमचा मीठ संडासातून आमच्या हंड्यात आला?"

हिराबाईंनी भरलेला हंडा तिथेच जमिनीवर ओतला. मागोमाग बाकीच्या बायकांनीही ओतले.

त्याच दिवशी विहिरीवर फळ्या ठोकल्या. बापूशेठ शब्दाला जागले, खड्डा बुजवला. पाणी दुसऱ्या विहिरीवरून बैलगाडीने येऊ लागलं. बाळंतिणी मात्र पूजेला जुन्याच विहिरीवर यायच्या आणि फळ्यांवर हळदकुंकू वाहायच्या. मी हरकत घेतली नाही. एकही फळी कोणी उचकटली नाही, आणि दोन्ही पोरं बरी झाली. त्याचा अभिमान मला आजही आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढे नोकरीत बऱ्याच विहिरी बंद केल्या. प्रत्येक वेळी आधी पाहायचो, सर्वांत जास्त विरोध कोण करतोय. प्रयोगाचं सामान त्याच्याकडूनच मागून घ्यायचो.